एका माणसाची गाडी

"म्हैस बाहेर काढ गो," कमळू म्हणाला. "आंब्याखाली बांध तिला."

राहीच्या हातात शेणाची पाटी होती. ती तशीच उभी राहिली. अंगणात टेम्पो येऊन थांबला होता, टेम्पोत ताडपत्रीखाली काहीतरी लांबोडकं झाकलेलं होतं आणि ते उतरवायला कमळूनं शेजारच्या धाऊला आणि आणखी तिघांना हाका मारून आणलं होतं. टेम्पोबरोबर मुंबईहून आलेला गोरा, चष्मेवाला माणूस बूट काढायचे की नाही या विचारात ओटीपाशी घुटमळत होता.

"आन थंडीत म्हैस गारठली मंजे?" राहीनं विचारलं.

"दोन-तीन म्हयन्यांचा तर प्रश्न हाय. हिच्यावर दव पडून चालायचं नाय."

हिच्यावर. राहीनं पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि म्हशीचं दावं सोडलं. कुणाबद्दल बोलणं चाललंय हे तिला सांगायला लागत नव्हतं. लग्न झाल्यापासून ती या 'हिला' ओळखत होती. फक्त आजवर तोंड पाहिलं नव्हतं.

ताडपत्री निघाली. धाऊ हसलाच. "अरे, ही काय गाडी? टप कुठं हाय हिला? दारं कुठं हायत?"

होडीला चाकं लावावीत तशी ती दिसत होती. पत्र्याचं निमुळतं अंग, चारी चाकं अंगापासून लांब, उघडीनागडी, आणि मधोमध एक भोक. एका माणसानं त्यात पाय घालून आडवं व्हायचं, एवढीच जागा. लाल रंगाचे पोपडे सुटले होते. एका कुशीवर उंदरांनी केलेली घाण वाळून चिकटली होती. टायर तर नव्हतेच, नुसत्या गंजक्या रिंगा.

राहीला फार बरं वाटलं. एवढीच? हीच ती?

मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. कमळू गाडीच्या नाकाडावर हात ठेवून उभा होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गेल्या महिन्यातच एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. निरोपाच्या दिवशी हार घातला तेव्हाही त्याचा चेहरा कोरडा होता. आता मात्र त्याचा खालचा ओठ हलत होता.

कुंपणापलीकडून ठकी बघत होती. ठकी म्हणजे राहीची चुलत जाऊ. ती खदखदून हसत म्हणाली, "आली गो बाय, राही! तुझी सवत नांदायला आली!"

सगळे हसले. राहीही हसली. मग दाव्याला हिसडा देऊन तिनं म्हैस आंब्याकडं ओढत नेली.

*

कमळू तरुणपणी मुंबईत ताडदेवला केकीशेठ म्हणून एका पारशाच्या गॅरेजमध्ये कामाला होता. शेठला शर्यतींचा नाद. त्यानं गॅरेजातच पाइप जोडून, पत्रा ठोकून, फियाटचं इंजिन पाठीमागं बसवून ही गाडी बनवली होती. दर फेब्रुवारीत ती ट्रकवर चढवून मद्रासला न्यायची. तिथं शोलावरम नावाच्या गावी लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर शर्यती व्हायच्या. देशभरातून अशा एका माणसाच्या गाड्या यायच्या, लाखभर लोक उन्हात उभे राहून बघायचे. कमळू पाच वर्षं दर फेब्रुवारीत तिकडं गेला. मग पेट्रोल महागलं, शेठचा जोर ओसरला, गाडी गोदामात गेली आणि कमळू गावी परत आला. मुरबाडच्या डेपोत चिकटला. त्याच वैशाखात त्याचं लग्न झालं.

राही आटगावची. माहेरचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी गुरं राखताना ती नाशिककडं जाणाऱ्या मेल गाड्या बघत बसायची. खिडकीत बसलेली माणसं कुठं जात असतील, तिथं काय असेल, याचा विचार करायची. लग्न होऊन ती मुरबाडजवळच्या या गावी आली, तर इथं रेल्वेही नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात नवरा झोपेत बरळला होता, "ती तापलीय. पाणी द्या तिला. अरे, कुणीतरी पाणी द्या." राही अंधारात उठून बसली होती. ही 'ती' कोण, हे विचारायचं धाडस व्हायला तिला आठवडा लागला. विचारलं तेव्हा कमळू इतका हसला, इतका हसला, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा ऐकताना राहीला मजा वाटली होती. बाई नाही, गाडी आहे, म्हणून तिनं देवाला नारळसुद्धा वाढवला.

नारळ फुकट गेला. बाई असती तर बरं, असं वाटायचे दिवस पुढं आले. कमळू वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, पगार घरात. पण घरातलं काही त्याच्या ध्यानात राहायचं नाही. मुलगी नम्रता कोणत्या इयत्तेत आहे हे तो बायकोला विचारायचा. शोलावरमच्या दुसऱ्या वळणावर शेठनं कोणत्या गाडीला कसं मागं टाकलं, ते मात्र त्याला कालच्यासारखं आठवायचं. ओटीवर चार माणसं जमली की तो सुरू व्हायचा. तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, हातांनी वळणं घ्यायचा. भात झोडून झालेलं असायचं, वालाच्या शेंगा भरत आलेल्या असायच्या, आणि फेब्रुवारी लागला की हा माणूस जेवताना मध्येच घास थांबवून दाराकडं बघत बसायचा. राही समोर बसलेली असायची. तिला कळायचं, आपण इथं आहोत हे याला दिसत नाहीये.

आणि एक गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नाही. तिला नुसता राग यायचा नाही. तिला हेवा वाटायचा. आपल्यालाही असं काही आठवून घास थांबवता यावा, असं वाटायचं. पण आठवायला होतं काय? लावणी, कापणी, बाळंतपण, कल्याणच्या दवाखान्यातल्या दोन फेऱ्या.

*

चष्मेवाला माणूस केकीशेठचा पुतण्या होता, सायरस. शेठ गेल्यावर गोदाम रिकामं करताना त्याला टायरांच्या ढिगाखाली ही गाडी सापडली. फेब्रुवारीत मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता, तिथं त्याला ती चालवायची होती.

"काका, मी तीन गॅरेजमध्ये दाखवली," चहा घेता घेता तो म्हणाला. "सगळे बोलतात, हिचा पार्ट भेटणार नाय. मग मम्मी बोलली, तो कमळू होता ना, त्याला शोध. केकीकाका बोलायचे, कमळूच्या हाताला ती ओळखते."

"असं म्हणायचा शेठ?" कमळूनं विचारलं. त्यानं ते सायरसकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. आत चुलीपाशी राहीनं फुंकणी जमिनीवर आपटली.

दुसऱ्या दिवसापासून गोठा कमळूचा झाला. पहाटे उठून आंघोळ करून तो तिकडं जायचा. कामावर असताना तो कधी इतक्या पहाटे उठला नव्हता. एकेक नट खोलून तो रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसायचा, गोणपाटावर ओळीनं मांडायचा. डेपोतले जुने सोबती येऊन बघून जायचे. कुठला पार्ट कल्याणहून आणायचा, कुठला मुरबाडच्या लेथवर बनवून घ्यायचा, याच्या गप्पा चालायच्या. राही चहा नेऊन द्यायची. कप रिकामा परत यायचा, पण चहा कुणी दिला याकडं लक्ष नसायचं.

एकदा तो घरात येऊन पेटीत काहीतरी शोधू लागला.

"काय पायजे?"

"ते तुझं जुनं निळं लुगडं कुठं हाय? मऊ व्हतं ते. पत्रा घासायला बरं पडंल."

राही त्याच्याकडं बघत राहिली. ते लुगडं तिला आवडायचं. नम्रताच्या बारशाला ती ते नेसली होती. ते निळं होतं हे या माणसाला ठाऊक आहे याचंच तिला नवल वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या कुठल्याही लुगड्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला होता, आणि तेसुद्धा असं.

तिनं लुगडं काढून दिलं. त्यानं तिच्यासमोरच टर्रकन फाडलं.

त्याच आठवड्यात लडकू भंगारवाला सायकलवरून आला. कमळू डेपोतल्या सोबत्याबरोबर लेथवर गेला होता. राही गोठ्यात गेली. गोणपाटावर चार भोंगे ठेवलेले होते, वीतभर लांबीचे, एका टोकाला फुललेल्या धोतऱ्याच्या फुलासारखे. इंजिनाला हवा ओढून घ्यायचे ते भोंगे. ॲल्युमिनिअमचे, चांदीसारखे घासलेले. कमळूनं ते ताडदेवच्या लेथवर स्वतःच्या हातानं कातले होते, हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. त्यांच्याशेजारीच निळ्या लुगड्याचा काळा झालेला बोळा पडला होता.

राहीनं चारही भोंगे ओच्यात घेतले आणि बाहेर येऊन लडकूच्या पोत्यात टाकले. लडकूनं बदल्यात लसूण दिला. एवढ्या लसणाचं काय करायचं हे तिला कळेना. अर्धा तिनं ठकीला देऊन टाकला.

*

कमळूला ते संध्याकाळी कळलं. आधी त्यानं गोणपाटं झटकली. मग गवताचा भारा उपसला. मग कणगीमागं, पडवीत, न्हाणीत. राही तांदूळ निवडत बसली होती. आता हा ओरडेल, आपल्याला विचारेल, मग आपणही काय ते बोलू, याची ती वाट बघत होती. तिच्या तोंडात वाक्यं तयार होती.

कमळूनं विचारलंच नाही. तो ओटीवर येऊन बसला. हात मांडीवर उताणे ठेवले.

"राही, मला विसराया व्हाया लागलंय."

"काय?"

"भोंगे कुठं ठेवले ते आठवतच नाय. सकाळी गोणपाटावर ठेवल्यासारखं वाटतं. पर तिथं नायत. मंजे मी दुसरीकडं कुठं ठेवले. का कुणाला दिले. काय सुदीक आठवत नाय गो. दादाचं आसंच सुरू झालं व्हतं."

त्याचा थोरला भाऊ शेवटची दोन वर्षं कुणाला ओळखत नव्हता. पोरांना ओळखत नव्हता, बायकोला परकी बाई म्हणून घरातून हाकलायचा. राहीनंच त्याचं हगणंमुतणं काढलं होतं.

कमळू जेवला नाही. सकाळी तो गोठ्यात गेला, पण नुसताच बसून राहिला. एकेका पार्टला हात लावून तो ओठातल्या ओठात नावं घेत होता. आपल्याला आठवतंय की नाही हे तपासत होता. राही दाराआडून बघत होती. आजवर ज्या आठवणींवर ती जळत आली, त्याच आता याच्या हातून निसटल्या असं याला वाटतंय. हा बसल्या जागी म्हातारा झाला होता. तिला हेच तर हवं होतं. तरी तिला ते बघवेना.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हमरस्त्यावर येऊन मुरबाडची जीप पकडली.

लडकूचं भंगार बाजारामागं पत्र्याच्या शेडमध्ये होतं. ॲल्युमिनिअमचा ढीग कमरेएवढा. फुटके टोप, चेपलेले डबे, मोडक्या खुर्च्यांचे पाय.

"लडकू, मी दिलेले भोंगे?"

"आसतील यातच कुठं. गाडी भरायची हाय दुपारी. का वो वयनी?"

राहीनं पदर खोचला आणि ढिगाला हात घातला. लडकूची बायको सोमी बघत होती. तीही दुसऱ्या बाजूनं उपसू लागली. राहीची बोटं दोन ठिकाणी कापली. तीन भोंगे लवकर मिळाले. चौथा एका कुकराच्या भांड्यात अडकला होता आणि त्याची कड चेपली होती.

घरी आली तेव्हा कमळू तसाच बसला होता. तिनं भोंगे त्याच्यापुढं गोणपाटावर ठेवले.

"कुठं मिळाले?"

"लडकूकडं. मीच दिलेले."

कमळूनं भोंग्यांकडं पाहिलं. मग तिच्याकडं. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि मोठा श्वास सोडला. "मंजे माझं डोकं ठीक हाय."

"राग नाय आला तुमाला?"

"येतोय. पर आदी बरं वाटलं." तो भोंगे एकेक उचलून बघू लागला. "का दिलेस गो?"

आणि मग राहीच्या तोंडातली वाक्यं बाहेर पडली. तयार केलेली नव्हे, दुसरीच. "तीस वर्सं झाली. तीस वर्सं या घरात दोन बाया नांदतायत. एक मी आन एक ही. मी आजारी पडले तर तुमी इचारता, काय होतंय? हिच्या अंगातलं काय कुठं दुखतंय ते तुमाला न इचारता कळतं."

"अगं, ती गाडी हाय."

"तेच तर! बाई आसती तर एव्हाना म्हातारी झाली आसती. दात पडले आसते. हिला तुमी नवा रंग लावताय!"

कमळूनं चेपलेला भोंगा उचलला, लाकडी ठोकळ्यावर धरला आणि हलक्या हातानं ठोकू लागला. बऱ्याच वेळानं मान वर न करता म्हणाला, "बोट बांध ते. रगत येतंय."

*

त्यानंतर राही गोठ्यात येऊन बसू लागली. प्रेम वाटायला लागलं म्हणून नव्हे. सवतीला डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं, म्हणून. कमळू आता काम करताना तिला सांगायचा, हे कशाला, ते कशाला. ती मुद्दाम दुसरीकडं बघायची, पण ऐकायची.

जानेवारी सरता सरता इंजिन सुरू झालं. अख्खा गाव अंगणात जमला होता. राहीची मनातून इच्छा होती की आवाज टेम्पोसारखा निघावा. लोकांनी हसावं. कमळूनं स्टार्टरची तार ओढली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि मग जे निघालं त्यानं आंब्यावरचे कावळे उडाले, ठकीचं तान्हं नातवंड दचकून गप्प झालं. राहीच्या छातीच्या फासळ्यांमध्ये तो आवाज वाजला. वर चढत गेला, फाटला नाही, गोडच होत गेला. इतकी वर्षं कमळूनं तोंडानं काढून दाखवलेला आवाज अगदीच चुकीचा होता. याच्या पासंगाला पुरत नव्हता.

असा आवाज ऐकलेल्या माणसाला आपली हाक कशी ऐकू येणार, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी तिला जितका मत्सर वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

सायरस गाडी न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ब्रेक तपासायचे राहिले होते. गावातून निघालेला डांबरी रस्ता उतरत उतरत ओढ्यावरच्या पुलापर्यंत जातो, मध्ये एक वळण आहे. इंजिन बंद ठेवून गाडी उतारावर सोडायची, पोटात माणूस बसवून, आणि वळणाच्या आधी ब्रेक मारून बघायचा. कमळू आणि धाऊनं नवे टायर चढवलेली गाडी ढकलत रस्त्यावर आणली. मागून राही आली.

कमळूनं चपला काढल्या. एक पाय आत घातला. दुसऱ्या पायाचा गुडघा गेली दोन वर्षं धड वाकत नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी पाय उचलून आत घालायचा प्रयत्न केला. मान ताठ करून, ओठ दाबून, पुन्हा पुन्हा. पाय आत जाईना. शेवटी धाऊनं त्याला काखेत धरून बाहेर काढलं.

"पयले कसं बसायचात मंग?" राहीनं विचारलं.

"पयले कोण बसवणार व्हतं?"

"मंजे?"

कमळू चपला शोधत होता. "शेठ बसायचा गो. आमी ढकलायचो. चाकं बदलायचो. पाणी घालायचो."

"एकदा सुदीक नाय?"

"एकाच माणसाची गाडी ती. त्यात शेठ." तो हसला, पण ते हसू मध्येच राहून गेलं. "शर्यत झाली का शेठ खाली उतरायचा, लोक त्याला खांद्यावर घ्यायचे. मी हात लावून बघायचो, शीट गरम आसायची त्याच्या पाठीनं. वाटायचं, एकदा म्हणंल, बस रे कमळू. पाच वर्सं वाट बघितली. शेठ चांगला माणूस व्हता. त्याच्या कधी ध्यानातच नाय आलं."

ज्या मुलखानं राहीला तीस वर्षं जळायला लावलं, त्या मुलखाच्या दाराबाहेर हा माणूस उभा होता. आतला नव्हताच तो कधी.

धाऊनं बसून बघितलं. तो कमरेतच अडकला.

"मी बसते," राही म्हणाली.

दोघं तिच्याकडं बघू लागले.

"बघता काय? मी बारीक हाय. मधलं पायडल ब्रेकचं ना? म्हयनाभर ऐकतेय."

तिनं लुगड्याचा ओचा घट्ट खोचला आणि त्या भोकात उतरली. आत उताणं झोपल्यासारखं बसावं लागत होतं. पाय लांब, पुढं अंधारात. हातात लहानसं चाक. कमळूनं वाकून तिचे हात चाकावर नीट ठेवले. "घाबरू नको. आमी धरूनच हाय. वळणाच्या आदी ब्रेक मार."

त्यांनी ढकललं. पहिली दहा-वीस पावलं दोघं बरोबर पळत होते, कमळूचं लंगडणं तिला ऐकू येत होतं. मग उतार लागला. "ब्रेक! राही, ब्रेक!" हाक आली, पण ती मागून आली, लांबून.

राही एकटीच होती.

रस्ता तिच्या कुशीतून वाहत होता. जमीन इतकी जवळ की हात बाहेर काढला असता तर खडी लागली असती. डोळ्यांसमोर, दोन्ही बाजूंना, उघडी चाकं गरगरत होती आणि तिनं हातातलं चाक जरासं फिरवलं तशी ती दोन्ही एकदम वळली, जणू तिचेच दोन पाय. पदर डोक्यावरून उडाला. वालाचं शेत, पळस, एक बुजलेली शेळी, सगळं मागं गेलं. ब्रेक कुठं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाय त्यावरच होता. तिनं तो दाबला नाही. वळण आलं. तिनं गाडी वळवली. अंग एका बाजूला रेटलं गेलं आणि ती मोठ्यानं ओरडली. ते ओरडणं भीतीचं नव्हतं.

पुलाच्या अलीकडं तिनं ब्रेक दाबला. गाडी शहाण्या बैलासारखी उभी राहिली.

ती तशीच बसून होती. हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच कळत नव्हतं. कमळू आला तेव्हा त्याला धाप लागली होती, तोंड पांढरं पडलं होतं.

"ब्रेक का नाय मारलास?"

"मारला की. लागतोय चांगला."

*

सायरस गाडी घेऊन गेला. मेळ्याला या म्हणून त्यानं दोघांना बोलावलं. कमळू म्हणाला, "गुडगा दुखतोय." राहीनं आग्रह केला नाही.

होळीला नम्रता आली. ती भातसानगरला असते, तिचा नवरा शेखर धरणावर कामाला आहे. जेवणं झाल्यावर सगळे ओटीवर बसले. ठकी आली, धाऊ आला.

"मामा, त्या गाडीचं सांगा ना," शेखर म्हणाला. "शोलावरमचं."

कमळूनं सवयीनं हात उचलले, चाक धरल्यासारखे. मग खाली ठेवले. "मला काय इचारता पाव्हणं? मी नुसता ढकलणारा. तुमच्या सासूला इचारा. ती बसलीय."

सगळे राहीकडं वळले. तिला अवघडल्यासारखं झालं. मग ती सांगू लागली. आत कसं उताणं बसायचं. मागून हाका कशा लांब गेल्या. जमीन कशी अंगाला लागून पळते. ती हातांनी दाखवू लागली, तिचा आवाज चढला, नम्रता आईकडं नवीन माणसाकडं बघावं तशी बघत होती. जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं तिच्या तोंडाकडं बघून गप्प बसली होती.

"आन मंग वळण आलं—" राही म्हणाली, आणि तिची नजर कमळूवर गेली.

तो भिंतीपासून पुढं सरकून बसला होता. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर आवळलेले. तो तिच्याकडं बघत होता आणि बघवत नाही तसा मध्येच नजर काढून घेत होता. हा चेहरा राहीनं कधी आरशात पाहिला नव्हता, पण तो आतून कसा असतो हे तिला माहीत होतं.

"मंग काय झालं, आई?" नम्रतानं विचारलं.

"मंग काय? ब्रेक मारला."

"आन वळणावर," कमळूनं हळूच विचारलं, "पुढचं चाक दिसत व्हतं का गो तुला? वळताना? शेठ सांगायचा, डोळ्यांपुढं वळतं म्हणून. मी बाहेरून बघितलंय. पर आतून कसं दिसतं—"

राहीनं पदर सावरला.

"नाय वो," ती म्हणाली. "मी तर डोळं मिटून घेतलेलं."

"आसं व्हय," कमळू म्हणाला. त्यानं पाठ पुन्हा भिंतीला टेकवली. थोड्या वेळानं त्याचे हात हळूहळू वर आले. "चाकं दिसतात पाव्हणं," तो जावयाला सांगू लागला. "दोन्ही चाकं. आपण हात फिरवला का जशी आपलीच—"

राही उठली आणि ताटं गोळा करून आत गेली.